साडेआठला बाजार बंद, मग रात्री करायचं काय?

वाचकाचं पत्र

ताई, मी पिंपरी-चिंचवडची. सध्या सिंधुदुर्गातल्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सगळी वर्षं धरून चारेकशे मुलं असू. इथे साडेआठला बाजार बंद होतो आणि नऊनंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पुण्यातल्या मैत्रिणी शनिवारी रात्री कुठे कुठे जातात त्याचे फोटो टाकतात. आम्ही मेसमधून येतो आणि मोबाइल बघत पडतो. वर्गातली काही मुलं बाइकवरून गोव्याला जातात. आम्हा मुलींच्या होस्टेलचं दार साडेसातलाच बंद होतं. मुलांचं होस्टेल मात्र दहापर्यंत उघडं. इथे नाइटलाइफ म्हणावं असं काही आहे का? आणि पार्टी करायची तर कुठे आणि कशी?

– एक विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग

तुझ्या एका पत्रात बरेच प्रश्न आहेत. ते वेगळे करून एकेकाचं उत्तर देते. तुझ्यासारखी पत्रं इतर जिल्ह्यांतल्या छोट्या कॉलेजांतूनही येतात, त्यामुळे यातलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

प्रश्न : इथे रात्रीचं काही असतं तरी का?

हो, असतं आणि भरपूर असतं. फक्त शहरातला आणि तुमच्या गावातला एक फरक आधी ध्यानात घे. पुण्यात खिशात पैसे असले की आत शिरता येतं, तुला तिथे कुणी ओळखत नसलं तरी काही अडत नाही. सिंधुदुर्गात रात्रीचे कार्यक्रम बहुतेक फुकट असतात, पण ते कळायला आणि तिथवर पोचायला ओळख लागते. मंदिरात जत्रा कधी, भजनाची डबलबारी कुणाच्या वाडीत, शिमग्याची पालखी कुठल्या रात्री कुठे, हे सगळं गावातल्या माणसांना तोंडपाठ असतं. होस्टेलवरच्या मुलांपर्यंत मात्र त्यातलं काहीच पोचत नाही.

याचं कारण तुमच्या कॉलेजच्या वेळापत्रकात आहे. तास संपले की गावातली मुलं पाच-साडेपाचच्या एसटीने घरी जातात आणि बाहेरगावची होस्टेलवर राहतात. दोघांची ओळख जर्नल मागण्यापुरतीच राहते. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, कुठेही बघ, हेच चित्र दिसतं. तुझ्याच बाकावरच्या मुलीच्या गावात आज रात्री हजार माणसं जमणार असतील, आणि तू खोलीत पंख्याकडे बघत पडलेली असशील.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की त्या मुलीशी मैत्री कर. छोट्या गावातली रात्र माणसांच्या मार्फतच मिळते. यापुढची माझी सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

प्रश्न : जत्रेत आमच्या वयाच्या मुलांनी बघण्यासारखं काय असतं?

दशावतार. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण अख्ख्या महाराष्ट्रातल्या कॉलेजांना हेवा वाटावा असं हे तुमच्याजवळ आहे.

तुळशीची लग्नं लागली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत दशावतारी मंडळं रोज नव्या गावात असतात. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर ही त्यातली जुनी नावं. देवाची पालखी प्रदक्षिणा करून बसली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. शेवटी दहीकाला होतो. तिकीट नसतं. बसायला गोणपाट नाहीतर घरून आणलेली चादर.

शक्य असेल तर नाटक सुरू होण्याच्या तासभर आधी जा आणि नट रंगतात ती जागा लांबून बघ. प्रत्येक नट आपला रंग आपणच लावतो. मांडी घालून, एका हातात छोटा आरसा धरून, भोवतीच्या गोंगाटात अगदी शांतपणे. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. शर्ट-पँट घालून आलेला एखादा साधासा माणूस डोळ्यांत काजळ घालतो, केस बांधतो, साडी चापूनचोपून नेसतो, आणि उभा राहतो तेव्हा त्याची चाल बदललेली असते. त्या वेळी तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. मुलंही गप्प उभी असतात.

आता यातली खरी कमाल सांगते. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणी राजपार्ट करायचा, कुणी स्त्रीपार्ट करायचा ते ठरतं, प्रसंगांचा क्रम बोलून घेतला जातो आणि नट थेट रंगमंचावर जातात. संवाद तिथल्या तिथे सुचलेले असतात. राजा आणि राक्षस यांच्यात अर्धा-पाऊण तास वाद रंगतो आणि त्यातलं एकही वाक्य आधी पाठ केलेलं नसतं. मंचावर एक लाकडी बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच अंतःपुर. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. पूर्वरंगात गणपती आणि सरस्वती येऊन जातात, मग वेद चोरणारा संकासुर येतो आणि मालवणीत बोलून गावाला हसवून सोडतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी हा भाग थोडक्यात उरकतात, पण जिथे तो पुरता होतो तिथे तो चुकवू नकोस.

या नटांविषयी एक जुनी म्हण आहे : रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. पूर्वी ही मंडळी कपड्यांचा पेटारा डोक्यावर घेऊन पायी पुढच्या गावाला जायची. आता टेम्पो असतो. पण रात्रभर उभं राहून सकाळी पुढच्या गावाची वाट धरायची, हे अजून बदललेलं नाही. तुमच्या कॉलेजात एकांकिका करणारी मुलं असतील तर त्यांना आवर्जून घेऊन जा. आयत्या वेळी सुचलेलं वाक्य प्रेक्षकांपर्यंत कसं पोचवायचं, हे एका रात्रीत जेवढं कळेल तेवढं शिबिरात कळणार नाही.

आणि हो, जत्रा म्हणजे नुसतं नाटक नव्हे. खाज्याची दुकानं, चहाच्या टपऱ्या, खेळण्यांच्या रांगा, मध्यरात्री एक वाजताही गजबजलेला रस्ता. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीची जत्रा, देवगडची कुणकेश्वरची महाशिवरात्र, मालवण तालुक्यातली आंगणेवाडीची जत्रा या मोठ्या. तिथे गर्दी अफाट असते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधी एखाद्या छोट्या गावची जत्रा बघावी. तिथे तुम्ही पाहुणे ठरता. मैत्रिणीच्या घरी जेवण होतं, तिची आजी रात्री अंथरूण घालून देते, आणि पुढच्या वर्षी न विचारताच निरोप येतो.

प्रश्न : दशावताराचा हंगाम नसतो तेव्हा काय करायचं?

गणेशोत्सवात घरोघरी भजनं असतात आणि त्यानिमित्ताने डबलबाऱ्या होतात. दोन बुवा, दोघांची मंडळं समोरासमोर. एकाने अभंग, गौळण, गजर म्हणत प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत त्याला उत्तर द्यायचं. पखवाज टिपेला पोचला की म्हातारी माणसंसुद्धा बसल्या जागी डोलायला लागतात. रॅप बॅटल आवडणाऱ्या मुलांनी एकदा समोर बसून ऐकावीच. घरगुती भजन असेल तर शेवटी चहा आणि उसळ-पाव असतो. त्याला नाही म्हणायचं नाही.

फाल्गुनात शिमगा. पालखी नाचवणं, ढोल, सोंगं, रात्र रात्र जागणं. कोजागरीला मात्र कुणाच्या आमंत्रणाची वाट बघू नका, ती तुम्हीच करा. होस्टेलची गच्ची, मोठं पातेलं, वर्गणी काढून आणलेलं दूध, वेलची-जायफळ, आणि गाणी म्हणू शकणारी चार मुलं. मेसच्या मावशींना आधी सांगितलंत तर त्या स्वतः आटवायला उभ्या राहतात.

पावसाळ्यात आंबोली. सावंतवाडीहून साधारण ३० किलोमीटरवर, घाटमाथ्यावर. पहिल्या पावसात तिथली रात्र बेडकांच्या आवाजाने भरून जाते. आंबोली टोड नावाचा छोटा बेडूक २००९ साली नवी जात म्हणून शास्त्राच्या नोंदीत आला. जांभ्या दगडाच्या कातळावर पावसाचं पाणी साचतं, त्या उथळ डबक्यांत त्याची वीण होते. तो आंबोली परिसराबाहेर जवळपास सापडतच नाही आणि नामशेष होण्याच्या धोक्यात आहे. रात्री रस्त्यावर आलेले हे बेडूक गाड्यांखाली चिरडले जातात. म्हणून तिथे रात्री जायचं ते पायी, स्थानिक मार्गदर्शक घेऊन, जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याला विचारून, आणि कुठल्याही प्राण्याला हात न लावता. हिरवा चापडा हा विषारी साप पानांत दिसेनासा होतो, तेव्हा पायात बूट हवेत आणि हातात बॅटरी.

हिवाळ्यात आकाश. तुमच्या गावात रात्री दिवे कमी असतात, ही तुमच्या पुण्याच्या मैत्रिणींकडे नसलेली गोष्ट आहे. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. चंद्र नसेल तर कॉलेजच्या मैदानावर नुसतं पाठीवर पडून राहिलं तरी तासाभरात डझनावारी उल्का दिसतात. भौतिकशास्त्राच्या सरांना बरोबर घ्या म्हणजे परवानगीचा प्रश्नही सुटेल.

प्रश्न : हे सगळं छान आहे, पण आम्हाला नाचायचंही असतं. डीजे लावून पार्टी करता येईल का?

येईल, आणि करावीच. विसाव्या वर्षी मनसोक्त नाचावंसं वाटणं यात गैर काहीही नाही. फक्त नियम माहीत असू द्या, म्हणजे ऐन वेळी पोलिसांची गाडी येऊन विरस होणार नाही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ या वेळात लाउडस्पीकर लावायचा नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. शाळा-कॉलेज, दवाखाने आणि न्यायालयांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. तुमच्या कॉलेजभोवती ते जाहीर झालेलं असेल तर मैदानावर डीजे लावणं नियमात बसणार नाही. पण त्याच नियमांत बंदिस्त सभागृहाला रात्रीची सूट आहे, आवाज भिंतीच्या आत राहिला पाहिजे एवढंच. तेव्हा मंडप आणि भिंतीएवढे स्पीकर विसरा, कॉलेजचा हॉल मागा. संध्याकाळी सहाला सुरू करून साडेनऊला संपवा. चारशे मुलांच्या कॉलेजात दीडशे आली तरी हॉल भरतो, आणि सगळे एकमेकांना ओळखत असल्यामुळे पहिल्या गाण्यापासून सगळे नाचतात. ही मजा मोठ्या शहरातल्या क्लबमध्ये मिळत नाही.

गॅदरिंगची वाट बघत वर्षभर थांबू नका. महिन्याचा एक शनिवार ठरवा. एकदा नाच, एकदा पडदा लावून सिनेमा, एकदा ज्याला जे येतं ते सादर करायची रात्र, एकदा चुलीवरचं जेवण. कोंबडी-वडे करता येणारी दोन-चार मुलं तुमच्यात नक्की निघतील. वडे थापायला बाकीच्यांना बसवा. शाकाहारी मुलांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ करा. वर्गणी आधी गोळा करा, हिशेब दुसऱ्या दिवशी फलकावर लावा आणि हॉल झाडून परत द्या. या तीन गोष्टी दोनदा नीट झाल्या की तिसऱ्या वेळी हॉल मागायला अर्जसुद्धा लागणार नाही.

मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव तुमच्या जिल्ह्यालाही आहे. एकांकिका, लोकनृत्य, मूकनाट्य यांच्या तालमी संध्याकाळी उशिरापर्यंत चालतात. त्यात नुसती नेपथ्याची खिळेठोक करायला गेलीस तरी महिना-दीड महिन्याच्या संध्याकाळी भरून जातात.

प्रश्न : मुलं गोव्याला जातात. आम्हीही जावं का?

दिवसा, रेल्वेने किंवा बसने, घरी सांगून, जरूर जा. पणजीच्या फोंतेन्यास भागात गल्लीबोळ फिरा. गाणं-नाच आवडत असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराचा कार्निव्हाल बघा.

रात्री बाइकवरून जाऊन पहाटे परत येणं मात्र टाळ, आणि तुमच्या वर्गातल्या मुलांनाही थांबव. हे मी जीव तोडून सांगते आहे. महामार्गावरच्या अंधारात पिऊन चालवलेली बाइक म्हणजे एक अख्खं घर उद्ध्वस्त होणं. कायद्याची बाजूही माहीत असावी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळलं तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं वय पूर्ण लागतं, म्हणजे पदवीच्या वर्गातली बहुतेक मुलं त्यात बसतच नाहीत. गोव्यातून स्वस्तात घेतलेल्या बाटल्या बॅगेत घालून इकडे आणणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बांद्यापासून पुढे तपासणी होते, गाडी जप्त होते आणि पोराच्या नावावर गुन्हा नोंदला जातो. नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी होते, तेव्हा तो निघतो.

ही मुलं वाईट नाहीत. त्यांना शनिवारी रात्री जायला जवळ काहीच नाही म्हणून ती साठ-सत्तर किलोमीटर लांब जातात. कॉलेजच्या हॉलचा दिवा महिन्यातून एकदा जरी रात्री लागला, तरी त्यातली निम्मी इथेच थांबतील असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आमच्या होस्टेलचं दार साडेसातला बंद होतं. मग यातलं काय जमणार?

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. वर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. जत्रेत म्हाताऱ्या बायका, लेकुरवाळ्या, माहेरवाशिणी पहाटेपर्यंत बसतात, आणि त्याच गावातल्या होस्टेलमधल्या विशीतल्या मुली साडेसातला कुलपात. हे बरोबर नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाची लैंगिक छळ रोखण्यासाठीची २०१५ ची नियमावली आहे. मुलींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून होस्टेलमध्ये मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावू नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पुरेसे दिवे आणि भरवशाची वाहतूक या संस्थेच्या जबाबदाऱ्या आहेत, हेही त्यात आहे. म्हणजे मुलांना दहा आणि मुलींना साडेसात हा नियम तुम्ही प्राचार्यांपुढे नियमावली ठेवून बदलून मागू शकता. भांडायला जाऊ नका, अर्ज घेऊन जा. रेक्टरबाईंनाही धास्ती असते. काही झालं तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो, म्हणून त्या कुलूप लावतात. त्यांची धास्ती कमी होईल अशी योजना तुम्हीच लिहून द्या : कोण जाणार त्यांची नावं, कुणाच्या घरी उतरणार त्या घरच्यांचा फोन, जाण्या-येण्याचं वाहन, परतीची वेळ, आणि बरोबर येणाऱ्या प्राध्यापिकेचं नाव.

वाहनाचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. एसटी प्रासंगिक करारावर अख्खी गाडी देते. आगारात जाऊन चौकशी करायची आणि कॉलेजच्या पत्रावर मागणी करायची. गाडीभर मुलं-मुली झाली की माणशी खर्च फारसा येत नाही. लहान गट असेल तर गावात मुक्कामाला जाणारी वस्तीची एसटी पकडायची, मैत्रिणीच्या घरी राहायचं आणि सकाळी त्याच गाडीने कॉलेजात यायचं. एकटीदुकटीने जाऊ नका. निघाल्याचा आणि पोचल्याचा निरोप होस्टेलवर द्या. मोबाइल चार्ज करून न्या, कारण वाड्यावस्त्यांत रेंज येते-जाते.

प्रश्न : सुरुवात कुठून करू?

पुढच्या सोमवारी वर्गातल्या पाच स्थानिक मुला-मुलींना विचार : तुझ्या गावची जत्रा कधी, भजन कधी, शिमगा कसा असतो? उत्तरं एका मोठ्या कागदावर महिन्यांप्रमाणे लिहून होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लाव. ही यादी तुमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक कॉलेजांकडे नसेल. त्यातलं सगळ्यात जवळचं गाव निवड आणि पंधरा-वीस जणांची पहिली फेरी काढ. कुणी "जत्रेक येतलंस?" असं विचारलं तर लगेच हो म्हण. आणि त्या मुलांना तुमच्या शनिवारच्या कार्यक्रमाला मुद्दाम बोलाव, त्यांची शेवटची एसटी चुकणार असेल तर रात्री होस्टेलवर राहायची परवानगी आधीच काढून ठेव. नाहीतर पार्टी पुन्हा होस्टेलवाल्यांचीच राहील.

हे उत्तर तुमच्या प्राचार्यांच्या वाचनात आलं तर त्यांना माझी विनंती आहे. मुलांना चार वर्षं वर्गात बसवून पदवी देता येते. पण आपण ज्या गावात राहिलो ते गाव त्यांना कळावं असं वाटत असेल, तर महिन्यातून एक रात्र हॉलची किल्ली आणि जत्रेच्या हंगामात एक एसटी, एवढं कॉलेजने द्यावं. मुलींच्या आणि मुलांच्या होस्टेलची वेळ एक करावी. त्याला कुठलंही अनुदान लागत नाही. सही लागते, आणि ती तुमच्याच हातात आहे.